उत्पन्नाचा दाखला आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली

दिल्लीत शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या घरचे उत्पन्न त्याच्या कपड्यांवरून ओळखता येत नाही. कपडे सगळ्यांचेच सरोजिनी नगरच्या बाजारातले असतात. मोबाइलवरूनही कळत नाही, कारण तो सगळ्यांचाच हप्त्यावर असतो. उत्पन्न कळते ते पत्त्यावरून. पत्ता सांगताना विद्यार्थी 'साउथ दिल्लीत राहतो' एवढेच म्हणून थांबला तर घरची परिस्थिती बेताची समजावी. ब्लॉक आणि मजला सांगितला तर मध्यम. गेटवरच्या रखवालदाराचे नाव सांगून 'त्याला विचार, तो सोडेल' असे म्हणाला तर पुढे काही विचारण्याचे कारण उरत नाही.

या विषयाच्या अभ्यासाला लक्ष्मीबाई नगर सोयीचे आहे. आयएनए बाजार आणि सरोजिनी नगर यांच्यामधली ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. तिच्या पायाशी पिलंजी गाव, अरबिंदो मार्ग ओलांडून किदवई नगरच्या पलीकडे कोटला मुबारकपूर, रिंग रोडच्या पलीकडे सफदरजंग एन्क्लेव्ह आणि ग्रीन पार्क. म्हणजे तास-दीड तासाच्या पायपिटीत कारकुनाचे क्वार्टर, गवळ्याच्या वाड्याचा झालेला पाच मजली टॉवर आणि संगमरवरी जिन्याची कोठी, हे सगळे पाहून होते. आयएनए स्टेशनावर २०१० पासून मेट्रोची पिवळी लाइन आणि २०१८ पासून गुलाबी लाइन आहे. पिवळी थेट विश्वविद्यालय स्टेशनाला नेते. गुलाबीवर चौथे स्टेशन दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. दुर्गाबाईंचे यजमान चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. नोटा आणि विद्यार्थी या दोन्ही गोष्टी एकाच मराठी माणसाच्या हाताखालून गेल्या; त्यांची गाठ मात्र अजून नीट पडलेली नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांत वर्षाची फी एवढी कमी असते की गावाकडे ती सांगितली तर लोक कॉलेजच्या दर्जाबद्दल शंका घेतात. तेवढीच रक्कम पेइंग गेस्टची, म्हणजे पीजीची, एक खाट दर महिन्याला घेते. हॉस्टेलच्या जागा विद्यार्थ्यांच्या मानाने फार थोड्या. त्यामुळे वडिलांच्या पगाराची खरी परीक्षा प्रवेश मिळाल्यानंतर सुरू होते, आणि त्या परीक्षेला गुणपत्रिका नसते, खोली असते.

खोलीच्या भाड्याचे दोन भाग पडतात: एक रोख, दुसरा बिनरोख. रोख भाग घरमालक सांगतो. बिनरोख भागात जिने, अंतर, पाण्याची वेळ, प्रश्नोत्तरे आणि उपकार येतात. तो कुणी सांगत नाही, राहायला गेल्यावर कळतो. उत्पन्न कमी असेल तर रोख भाग घटतो आणि बिनरोख भाग त्याच हिशेबाने वाढतो.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते नातेवाइकाच्या क्वार्टरमध्ये. मराठी मध्यमवर्गाची दिल्लीतली ही पहिली पसंती, आणि पुष्कळदा पसंती विद्यार्थ्याची नसून आईची असते. अकोल्याचा किंवा साताऱ्याचा मुलगा दिल्लीला निघाला की घरात नात्यांची उजळणी होते. कुणीतरी सांगते की आईच्या मावसबहिणीचे दीर केंद्र सरकारात आहेत आणि त्यांचे क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात आहे. गेल्या वीस वर्षांत दोन्ही घरांत बोलणे झालेले नसते. तरी फोन लागतो, आणि पलीकडून 'अहो, आपलंच घर आहे, पाठवा' असे उत्तर येते. मराठीत या वाक्याला नकार देण्याची पद्धत नाही, स्वीकारायची मात्र आहे.

कायद्याने यात काही गैर नाही, उलट सोय आहे. क्वार्टरमध्ये पोटभाडेकरू ठेवायला बंदी आहे. सापडल्यास वाटप रद्द होते. पण दिल्लीच्या सरकारी निवासस्थानांच्या, २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९६३ च्या वाटपनियमांत पोटभाड्याची व्याख्या करताना जवळच्या नातेवाइकांना वगळलेले होते. जवळचे म्हणजे किती जवळचे, हा प्रश्न व्यवहाराने सोडवलेला आहे: ज्याला 'भाचा' म्हणता येतो तो जवळचा. वसाहतीला जिचे नाव आहे त्या राणीचा दत्तक मुलगा डलहौसीने नामंजूर केला. क्वार्टर वाटणारे इस्टेट ऑफिस त्या मानाने पुष्कळच उदार. ताबा सोडणार नाही म्हणून राणी लढली. तिच्या नावाच्या वसाहतीत निवृत्तीनंतर ताबा सोडणे आजही प्रत्येकाच्या जिवावर येते, फक्त लढाई अर्जांची असते.

क्वार्टरचे अर्थशास्त्र असे. कर्मचाऱ्याच्या पगारातून लायसन्स फी म्हणून काही शे रुपये कापले जातात आणि घरभाडे भत्ता बंद होतो. दिल्लीत हा भत्ता जानेवारी २०२४ पासून मूळ पगाराच्या ३० टक्के आहे. तरीही लाखांत भाडे चालणाऱ्या दक्षिण दिल्लीच्या मध्यावर दोन खोल्या मिळत असतील तर हा सौदा कोणीही सोडत नाही. या दोन खोल्यांत काका, काकू, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि काकांची आई राहतात. भाचा सहावा. त्याला मिळते ती एक फोल्डिंगची खाट. ती दिवसभर दाराआड उभी असते आणि रात्री हॉलमध्ये आडवी होते. मात्र आजींची शेवटची मालिका संपल्यावर. मालिका साडेदहाला संपते. परीक्षेच्या काळात मालिकेतही नेमके लग्न निघते आणि भाग पाऊण तासाचा होतो.

भाड्याचा विषय काढणे हा अपमान. भाच्याने पहिल्या महिन्यात धीर करून विचारलेच तर काकू म्हणतात, "वेडा आहेस का? आपल्या घरात कुणी भाडं देतं?" ही पावती समजावी. त्यानंतर बिनरोख वसुली सुरू होते. सकाळी सहाला मदर डेअरीचे टोकनचे दूध. गॅसचा सिलिंडर वरच्या मजल्यावर चढवणे. सातवीतल्याचे गणित, जे विद्यार्थी मराठी साहित्याचा असला तरी त्यानेच घ्यायचे असते. रविवारी काकूंबरोबर आयएनए बाजार. तिथे दक्षिणी भाजीवाल्याकडे खोबरे आणि कढीपत्ता चांगला मिळतो म्हणून. आजींना सफदरजंग हॉस्पिटलच्या ओपीडीत नेणे. त्याचा कार्डाच्या रांगेसह हिशेब केला तर अर्धा दिवस. शिकवणी, हमाली आणि रुग्णसेवा यांचे बाजारभावाने पैसे धरले तर भाचा ग्रीन पार्कमध्ये स्वतंत्र खोली घेऊ शकला असता. पण तो हिशेब कोणी करत नाही, कारण काकूंनी रात्री अकराला गरम करून वाढलेल्या वरणभाताचा दर कुठल्याच बाजारात लागत नाही, आणि तो वजा केला की आकडा पुन्हा उलटतो.

बिनरोख भाड्यात आणखी एक कलम असते: बातमी. भाचा किती वाजता आला, कुणाशी फोनवर बोलला, मेसचे छोले खाऊन पोट कसे बिघडले, हे सगळे त्याच रात्री अकोल्याला पोचते. पेइंग गेस्टची मालकीणही नजर ठेवते, पण तिला अकोल्याचा नंबर माहीत नसतो. घरची मिळकत थोडी वाढली की मुलगा क्वार्टर सोडतो तो याच एका कारणासाठी. काकांना मात्र 'लायब्ररी जवळ पडते' असे सांगितले जाते. काकाही तरुणपणी कुणाच्या तरी क्वार्टरमधून असेच निघालेले असल्यामुळे ते मान हलवतात.

ज्यांना दिल्लीत काका नाही आणि खिशात पीजीचे पैसेही नाहीत, त्यांच्यासाठी लाल डोरा आहे. १९०८ साली इंग्रजांनी महसुलासाठी गावांचे नकाशे केले तेव्हा गावठाणाभोवती लाल रेघ ओढली. रेघेच्या बाहेर शेती, आत घरे. पुढे शेतीवर राजधानी उभी राहिली, गावठाण तसेच राहिले, आणि शहराचे बांधकामाचे नियम बराच काळ या रेघेशी येऊन थांबले. त्यामुळे पिलंजी, कोटला मुबारकपूर, मुनीरका, कटवारिया सराय, बेर सराय या गावांत घरे रुंदीत वाढता न आल्याने उंचीत वाढली. वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या गल्लीवर इतक्या पुढे आलेल्या असतात की समोरच्या खोलीतला विद्यार्थी मीठ मागतो आणि ते हातात देता येते. जाहिरातीत लिहिलेले 'हवादार' खोटे नसते. हवा असते, फक्त ती समोरच्यांनी आधी वापरलेली असते.

येथे भाड्याचा नियम गणिती आहे. मजला वाढला की भाडे उतरते, कारण लिफ्ट नाही. पण अगदी वरच्या मजल्यावरच्या खोलीचे भाडे पुन्हा थोडे चढते, कारण गच्ची मिळते. मग जून येतो. दिल्लीचा पारा ४५ ला टेकला की गच्चीखालच्या खोलीचा भट्टीशी फरक एवढाच राहतो की भट्टीला सिक्युरिटी डिपॉझिट लागत नाही. विद्यार्थी तेव्हा खोली फक्त सामानासाठी ठेवतो आणि स्वतः एसी असलेल्या खासगी 'लायब्ररी'त महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेतो. म्हणजे गरीब विद्यार्थी दोन ठिकाणी भाडे भरतो: एक झोपण्याचे, एक बसण्याचे. या खुर्च्या तळघरात असल्या तर स्वस्त. ओल्ड राजिंदर नगरात २७ जुलै २०२४ ला पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले ते एका कोचिंगच्या अशाच तळघरातल्या लायब्ररीत. त्या दिवसापासून 'बेसमेंट' हा शब्द ऐकला की गावाकडचे वडील भाडे विचारत नाहीत.

बिनरोख भाग गरिबाकडे वळतो हे एक वेळ समजण्यासारखे, पण रोख भागही काही ठिकाणी गरिबालाच जास्त पडतो. त्याचे उदाहरण वीज. ऑगस्ट २०१९ पासून दिल्लीत महिन्याला २०० युनिटपर्यंत घरगुती बिल शून्य येते. सवलत मीटरला मिळते, आणि मीटर घरमालकाच्या नावावर असतो. खोलीबाहेर तो आपला सब-मीटर लावतो आणि युनिटमागे ठरलेला दर घेतो. सरकारने फुकट दिलेली वीज अशी जिन्यावरून चढता चढता महाग होते. भाडेकरूंना स्वतःचा मीटर घेता यावा म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये योजनाही निघाली. त्यासाठी भाड्याचा करार किंवा पावती लागते. पिलंजीतल्या घरमालकाकडे पावती मागणारा विद्यार्थी पुढच्या महिन्यात मुनीरकात राहत असतो.

मधल्या उत्पन्नाचे लोक पीजीत जातात. साउथ कॅम्पसच्या कॉलेजांसाठी सत्य निकेतन, नॉर्थ कॅम्पससाठी कमला नगर आणि हडसन लेन. पीजीची रचना उत्पन्नाच्या तक्त्यासारखी असते: तीन खाटा, दोन खाटा, एक खाट, कूलर, एसी, खोलीबाहेर संडास, खोलीला जोडून संडास. जेवण सर्वांना सारखे, कारण तिथे उत्पन्नाने फरक पडतो असे म्हणायला काही उरलेले नसते. याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. पीजी जगात सगळीकडे सारखीच असते.

मुलींच्या बाबतीत मात्र तक्ता बदलतो. एकाच पगारात मुलगा गावठाणात राहतो आणि मुलगी पीजीत. फरकाची रक्कम वडील 'सुरक्षितता' या सदरात लिहितात. तिच्या बदल्यात मुलीला मिळते काय, तर रात्री नऊनंतर बंद होणारे गेट. म्हणजे ती जास्त पैसे देऊन कमी तास विकत घेते. दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये हॉस्टेल आणि पीजींच्या या वेळांविरुद्ध 'पिंजरा तोड' ही मोहीम काढली, तेव्हा गावोगावचे वडील मनातून मुलीच्या बाजूचे आणि फोनवर गेटच्या बाजूचे होते. मुलींना एक सवलत मात्र खरी मिळाली. २९ ऑक्टोबर २०१९ ला, नेमक्या भाऊबीजेच्या दिवशी, दिल्लीच्या बसमध्ये महिलांचा प्रवास मोफत झाला. त्यामुळे खोली लांब घेतली तरी मुलीला बसप्रवासाचा भुर्दंड पडेनासा झाला, मुलाला पडत राहिला. मेट्रोत विद्यार्थी म्हणून सवलत कुणालाच नाही. कॉलेजपासून दूर स्वस्त खोली घेऊन मेट्रोने जाणाऱ्याला महिन्याअखेरीस कळते की वाचलेले भाडे त्याने स्टेशनाच्या गेटवर कार्ड टेकवून टेकवून भरून टाकले आहे.

वरच्या उत्पन्नाचे प्रकरण छोटे आहे. सफदरजंग एन्क्लेव्ह किंवा ग्रीन पार्कमध्ये फ्लोअर घेतला जातो, तीन मित्रांत. ब्रोकर एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतो आणि त्याबद्दल कोणी वाद घालत नाही. यातला एखादा उन्हाळ्यात फाटकी चप्पल घालून फिरतो आणि वर्गसंघर्षावर बोलतो. तो पिलंजीतल्या मुलांना परवडत नाही. त्यांना चप्पल जपायची असते.

घरचे उत्पन्न हा आकडा स्थिर नसतो, ही गोष्ट या विषयात सर्वांत महत्त्वाची. तो कोणापुढे सांगायचा यावर अवलंबून असतो. लातूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाची प्लॅस्टिकची फाइल उघडली तर पहिल्या कप्प्यात तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दिसतो. त्यावर वडिलांचे वार्षिक उत्पन्न असे लिहिलेले असते की त्यात पाच माणसांचे कुटुंब कसे जगले याचा विद्यापीठाने वेगळा अभ्यास करावा. नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस, दोन्हींची मर्यादा आठ लाखांची. शिष्यवृत्त्यांच्या मर्यादा त्याहून खाली. महाराष्ट्र सरकारच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत ती अडीच लाखांची आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला या योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यातले २०,००० राहण्याचे. महिन्याला साधारण १,६६७. एवढ्यात सदाशिव पेठेत खोली मिळत नाही, खोलीचा पत्ता मिळतो.

हीच फाइल घेऊन मुलगा कोटला मुबारकपुरात खोली बघायला जातो. आंटी आधी जात विचारत नाहीत, आडनाव विचारतात. मग मांसाहाराची चौकशी होते. मग, "पापा क्या करते हैं, बेटा?" येथे पहिला कप्पा बंद करावा लागतो. मुलगा सांगतो, "खेती है आंटी. गन्ने की." दिल्लीच्या घरमालकाला महाराष्ट्रातला ऊस म्हटले की साखर कारखाना आठवतो आणि कारखाना म्हटले की मंत्री. आंटींचा चेहरा खुलतो. त्या पाणी मागवतात. मुलगा एकराचा आकडा सांगत नाही, आणि विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी नसते हेही नाही. सरकारला तो गरीब असल्याचा पुरावा हवा असतो, घरमालकाला गरीब नसल्याचा. दोन्ही पुरावे एकाच आठवड्यात तयार ठेवणे, हे दिल्लीतल्या शिक्षणाचे पहिले सत्र. सफदरजंग एन्क्लेव्हमधल्या कंत्राटदाराच्या मुलाची भाषा नेमकी उलटी. तो ब्रोकरला म्हणतो, "स्टुडंट हैं भैया, कुछ तो कम करवाओ." श्रीमंत गरिबी सांगतो आणि गरीब श्रीमंती, आणि घरमालक दोघांचेही ऐकून भाडे तेच ठेवतो.

उत्पन्न विचारले न जाणारी जागा लक्ष्मीबाई नगराच्या नैऋत्येला काही मैलांवर होती. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या हॉस्टेलात दोघांच्या खोलीचे भाडे माणशी महिन्याला १० रुपये आणि एकट्याच्या खोलीचे २० रुपये. विद्यापीठाच्या २०१७-१८ च्या अहवालानुसार सुमारे ४० टक्के विद्यार्थ्यांच्या घरचे मासिक उत्पन्न १२,००० रुपयांच्या आत होते, म्हणजे हे भाडे योग्य हातांत पडत होते. २०१९ च्या अखेरीस हे आकडे ३०० आणि ६०० करण्याचा निर्णय झाला, शिवाय सेवाशुल्क वेगळे. मोठे आंदोलन झाले, लाठ्या पडल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या विद्यार्थ्यांना सवलत जाहीर झाली. थोडक्यात, तिथेही उत्पन्नाचा दाखला आला. त्या दिवसांत देशभर दहा रुपयांवर जेवढी चर्चा झाली तेवढी सरकारी क्वार्टरच्या लायसन्स फीवर कधी झाल्याचे ऐकिवात नाही.

खोली ठरली की करार होतो, तो अकरा महिन्यांचा. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांत ते टळते. (महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे पुण्याहून आलेला मुलगा दिल्लीत स्टॅम्पपेपरवरच्या करारावर एकदम सही करतो आणि सुटल्यासारखे मानतो.) भाडेकरूच्या संरक्षणासाठी १९५८ चा दिल्ली भाडे नियंत्रण कायदा आहे. १९८८ च्या दुरुस्तीपासून तो महिन्याला ३,५०० रुपयांपर्यंतच्या भाड्यालाच लागू होतो. या भाड्याची खोली आज शोधायला गेले तर कायदा आधी सापडतो. त्याच्या जागी १९९५ मध्ये नवा कायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. लागू मात्र तो कधीच झाला नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असू नये असे म्हटले आहे. आदर्श हे विशेषण तिथे जाणीवपूर्वक वापरलेले दिसते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणे घरमालकाला बंधनकारक आहे; तो फॉर्म विद्यार्थीच भरतो, विद्यार्थीच ठाण्यात नेतो, आणि झेरॉक्सचे पैसेही त्याचेच.

राहिले डिपॉझिट. ते परत मिळावे अशी सर्वांची इच्छा असते आणि मिळेल असा कुणाचाच समज नसतो. खोली सोडताना रंग, नळ, पंख्याचे रेग्युलेटर आणि भिंतीतल्या खिळ्यांची भोके यांचा हिशेब निघतो. उत्पन्न जास्त असलेला ते सोडून देतो; त्याला विमान पकडायचे असते. उत्पन्न कमी असलेल्याला सोडता येत नाही, कारण ती रक्कम बहुधा मामांकडून उसनी आलेली असते. म्हणून गावठाणातल्या खोल्यांत वेगळी रीत पडली आहे. जाणारा विद्यार्थी आपल्याच तालुक्यातला एखादा नवा मुलगा शोधून आणतो, त्याच्याकडून डिपॉझिटची रक्कम परस्पर घेतो आणि खोली, गादी, बादली, सब-मीटरचे शेवटचे रीडिंग त्याच्या हवाली करतो. घरमालकाला फक्त नाव बदलल्याचे कळवले जाते. कोटल्यातल्या काही खोल्यांत एकाच जिल्ह्याची मुले वर्षानुवर्षे अशी एकामागून एक राहत आली आहेत, आणि मूळ डिपॉझिट कुणी भरले होते ते आता घरमालकालाही आठवत नाही.